फणी

आधी धातूचं सगळं काढून घेते मी.
घड्याळ, कानातली फुलं, केसांतल्या तीन पिना,
आणि पंचावन्न वर्षं न निघालेली अंगठी.
ती साबण लावून, फिरवत फिरवत निघते
आणि बोटावर उरतो
कधीच ऊन न लागलेला एक पांढरा वळसा.
झोफ्काबाई त्याच्याकडे बघत राहतात.
“ए पोई,” म्हणतात. आणि मग.
फेब्रुवारीपासून त्यांच्याजवळ एवढंच उरलंय,
आणि मग, आणि मग,
जशी काही गोष्ट आता पुढे सरकणारच आहे.

ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता,
जिच्या आवाजाने त्रिएस्तेच्या मासळीबाजारात
तराजू थबकायचे म्हणे,
तिला मी आडवी झोपवते, कानांत बोळे घालते,
मुठीत रबरी फुगा देते.
घाबरलात तर दाबा.

बाहेर बोरा सुटलाय, चौथा दिवस.
म्हातारी माणसं खांब धरून धरून चालतात.
काचेपाशी इजिदिओ. यंत्र ठोकायला लागतं
तसे ते हसतात पहिल्यांदाच:
हा तर आमच्या गोदीचा आवाज,
तीस वर्षं मी हेच ऐकलं
आणि घरी येऊन हिचं काही ऐकू यायचं नाही.

डोळ्यांवरच्या आरशात एकेक चित्र येतं.
होडी. करवत. मेंढी.
मनातल्या मनात नाव घ्यायचं,
ओठ हलवायचे नाहीत.

पडद्यावर डाव्या कपाळामागे
एक काळं तळं आहे. त्याचं काही होणार नाही.
आम्ही त्याच्या काठाने हिंडतो.
लाल-पिवळे ठिपके दाखवले की नातेवाईक म्हणतात,
बघा, दिवे लागले.
दिवे कुठले! रंग आम्ही मागाहून भरतो.
शब्द केव्हाच निघून गेलेला असतो,
रक्त पाच-सहा सेकंदांनी धापा टाकत पोचतं,
आणि आमच्या हाती लागते
ती वाटेवरची धूळ.

फणीचं चित्र आलं
आणि फुगा दाबला गेला.
मी यंत्र थांबवलं. माइक उघडला.
काही होतंय का, बाई?
श्वास. खरखर. मग स्वच्छ, ठणठणीत,
बाजारातल्या आवाजात:
“ग्लावनिक.”

इजिदिओ माझ्याकडे वळले. काय म्हणाली?
फणी, म्हटलं. स्लोव्हेनमध्ये.
तिला येतं? त्यांनी विचारलं.
पंचावन्न वर्षांनी. काचेला हात टेकून.

मला येतं, कारण मी वरच्या कार्स्टमधली.
माझ्या आजीने याच भाषेपायी शाळेत
हातावर छड्या खाल्ल्या होत्या,
आणि आई ती फक्त केस विंचरताना बोलायची,
दार लावून,
गुंता सोडवता सोडवता.
झोफ्काबाईंच्या घरी कसं होतं ते मी विचारलं नाही.
विचारून त्या सांगणार कशा?

डॉक्टर तांबुरिनी चष्मा पुसत म्हणाले,
डोकं दोन मिलिमीटर हललं.
ही फेरी टाकून द्यावी लागेल.
त्यांचं बरोबर होतं. बोललं की जबडा हलतो,
आणि हललेलं चित्र कामाचं नसतं.
मी फेरीपुढे फुली मारली.
आठ महिन्यांतला तिचा पहिला शब्द
आमच्या नोंदीत नाही.

नंतर कसला चमत्कार वगैरे झाला नाही.
त्या आठवड्यात मेंढी आली. मग करवत,
मग दोन आठवडे काहीच नाही,
मग एक शिवी, मी इथे लिहीत नाही.
इटालियनमध्ये मात्र तेच, ए पोई.

इजिदिओ गुरुवारी येतात, ट्रामने नाही, चालत,
खिशात किराण्याच्या पावत्या.
पावत्यांच्या मागे शब्द लिहून नेतात:
मीठ. खिडकी. दुखतंय का.
इटालियन अक्षरांत, जाड पेन्सिलीने,
रिव्हेट ठोकल्यासारखे एकेक.
सत्त्याऐंशीव्या वर्षी बायकोची भाषा शिकायची,
जीभ वळत नाही हो, म्हणतात,
आणि कोपऱ्यात उभे राहून घोकतात.

परवा त्यांनी विचारलं,
‘आणि मग’ला काय म्हणतात तुमच्यात?
इन पोतेम, मी म्हटलं.
त्यांनी ते चुकीचं लिहिलं.
दुरुस्त करावं म्हणून मी पेन्सिल मागितली,
मग तशीच परत दिली.